गडाचा सरनोबत आणि स्वराज्याचा सरनोबत : पद एक की दोन?

मावळवाट

नमस्कार. आमच्या तालुक्यातील एका लहान गडावर काही तरुण मंडळी दर हिवाळ्यात टाक्यांतील गाळ काढतात आणि ढासळलेल्या पायऱ्या सावरतात. यंदा पायथ्याशी माहितीफलक लावायचे ठरले. गडाखालच्या गावातील एका घराण्याकडे जुना मोडी कागद आहे आणि त्यात त्यांच्या पूर्वजाच्या नावापुढे 'सरनोबत किल्ले' अशा अर्थाचा उल्लेख आहे. फलकाच्या मसुद्यात त्याचे 'स्वराज्याचे सरसेनापती' झाले. मी हरकत घेतली, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना वाईट वाटले. पूर्वजांचा मान कमी करतो आहे, असा त्यांचा समज झाला, आणि त्यामागची भावना खरी असल्याने मलाही ते लागले.

म्हणून हा धागा काढतो आहे. शिवकाळात सरनोबत म्हणजे नेमके कोण, त्याच्या हाताखाली किती माणसे असत, त्याला काय करावे लागे आणि त्याच्याकडून जाब कोण घेई, हे नीट मांडले गेले तर फलकही बरोबर होईल आणि त्या घराण्यालाही पटेल असे काही हाती लागेल. माझ्या माहितीप्रमाणे स्वराज्याच्या घोडदळाचे सरनोबत म्हणून माणकोजी दहातोंडे, नेतोजी पालकर, प्रतापराव गुजर आणि हंबीरराव मोहिते ही नावे क्रमाने येतात, तर पायदळाचे सरनोबत म्हणून येसाजी कंक यांचे नाव येते. या यादीत गडावरचा सरनोबत कुठे बसतो?

मोडीवाचक

तो या यादीत बसत नाही. त्याची यादीच वेगळी आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीत लिहिलेल्या बखरीत गडाची व्यवस्था स्पष्ट सांगितली आहे. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अंमलदार असावेत, तिघेही एका प्रतीचे असावेत आणि कारभार तिघांनी मिळून करावा, अशी ती रचना होती. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि लेखन सबनिसाकडे आणि शिबंदी (गडावरची फौज), चौकी-पहारे सरनोबताकडे. एकटा माणूस फितला तरी गड जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. गडाचा सरनोबत हा त्या गडापुरता लष्करी अधिकारी होता. त्याचे काम जोखमीचे आणि विश्वासाचे होते, पण फौजेचा सरनोबत निराळा.

घोटाळा शब्दामुळे होतो. फारसी 'सर' म्हणजे प्रमुख आणि 'नौबत' म्हणजे पाळी, पहारा, तसेच पहाऱ्याची नगारखान्यातील नौबतही. पहाऱ्याचा प्रमुख हा मूळ अर्थ गडावरच्या सरनोबताला आजही चपखल लागतो. फौजेच्या प्रमुखाला तोच शब्द लागला आणि पुढे राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यव्यवहारकोशाने त्याला 'सेनापती' हा संस्कृत पर्याय दिला. मजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत झाला, तसा सरनोबताचा सेनापती झाला. हा पर्याय अष्टप्रधानांतील सरनोबतासाठी होता, गडोगडीच्या सरनोबतांसाठी नव्हता. 'हवालदार' शब्दाचेही असेच आहे : गडाचा हवालदार अख्खा गड सांभाळी, तर पागेतील, म्हणजे सरकारी घोडदळातील, हवालदाराकडे पंचवीस घोडी असत.

हिशेबनीस

मोडीवाचक यांनी पागेचा उल्लेख केला, म्हणून तो हिशेब पूर्ण देतो, कारण सरनोबताचे वजन त्याच्या खालच्या पायऱ्या मोजल्याशिवाय कळत नाही. सभासदाच्या मांडणीप्रमाणे पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी. म्हणजे जुमलेदाराकडे १२५, हजाऱ्याकडे नाव हजारी असले तरी १२५० आणि पंचहजाऱ्याकडे ६२५० स्वार भरतात. या सर्वांवर सरनोबत. बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन येई. दोघेही अखेर सरनोबताच्याच हुकमात असत. पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी (पखालीने पाणी पुरवणारा) नेमलेला असे. नालबंदावाचून पंचवीस घोड्यांची पथके सह्याद्रीच्या खडकाळ वाटांवर चार दिवसही टिकली नसती, हे घाट चढलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही.

तैनातीही (वेतन) ठरलेली होती : जुमलेदारास ५०० होन, हजाऱ्यास १००० आणि पंचहजाऱ्यास २०००. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की जुमल्यापासून वर प्रत्येक पायरीवर लष्करी अंमलदाराच्या शेजारी कारकून बसवलेला होता. मजुमदार, जमेनीस असे लोक लष्कराबरोबर हिंडत, पण त्यांची निष्ठा सरदाराशी नसून दफ्तराशी असे. फौज दसऱ्याला मुलुखगिरीसाठी बाहेर पडताना प्रत्येकाच्या चीजवस्तूची नोंद होई आणि पावसाळ्याच्या तोंडावर छावणीस परतल्यावर त्याच नोंदीवर झाडा घेतला जाई. जास्तीचे निघाले तर ते सरकारात जमा होई. अशा व्यवस्थेत सरनोबत कितीही मोठा असला तरी फौज त्याची खासगी होत नव्हती.

निवृत्त सुभेदार

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत अठ्ठावीस वर्षे काढली आणि नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार या पायऱ्या एकेक करून चढलो, म्हणून हा धागा माझ्या जिव्हाळ्याचा आहे. शिवकाळच्या पायदळात दहा माणसांमागे एक नाईक असे. आजच्या पायदळातील सेक्शनही साधारण दहा जणांचेच असते आणि ते नाईक किंवा हवालदार सांभाळतो. मधल्या साडेतीनशे वर्षांत शस्त्रे बदलली, भाषा बदलली, राज्ये बदलली. पण एक माणूस किती जणांना आवाजाच्या आणि नजरेच्या टप्प्यात ठेवू शकतो, हे माप बदलले नाही.

हुद्दा आणि नेमणूक या दोन गोष्टी आम्हाला पहिल्या वर्षीच वेगळ्या शिकवल्या जातात. खांद्यावर किंवा बाहीवर दिसतो तो हुद्दा. कोणती तुकडी तुमच्या ताब्यात आहे ती नेमणूक. कर्नल हुद्द्याचे अनेक अधिकारी असतात, पण त्यांतील ज्याच्याकडे पलटण असते तोच कमांडिंग ऑफिसर, आणि पलटण सोडली की हुद्दा राहतो, अधिकार जातो. या दृष्टीने पाहिले तर जुमलेदार, हजारी, पंचहजारी हे हुद्द्यासारखे आहेत आणि सरनोबत ही नेमणूक आहे. प्रतापराव, हंबीरराव ही नावे तिसऱ्याच प्रकारात मोडतात. ते किताब होत. कडतोजी गुजरांना सरनोबती देताना 'प्रतापराव' नाव दिले गेले आणि हंसाजी मोहित्यांना 'हंबीरराव'. नेमणूक काढून घेता येते, किताब माणसाबरोबर राहतो.

वरिष्ठाने किती खोलवर पाहावे, याचा एक नमुना इथे द्यायलाच हवा. चिपळूणजवळ छावणीस असलेल्या पागेतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांचे पत्र आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच बेपर्वाईने संपवाल, तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, भाजी, लाकूडफाटा ओढू लागाल, असा त्यात इशारा आहे. गवताच्या गंजीजवळ कुणी चुली पेटवील, कुणी चिलीम ओढताना विस्तव टाकील, रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत पेटून पागा जळतील, इथपर्यंत बजावले आहे. मी स्वतः हवालदार असताना रात्री बराकीची फेरी मारून शेगड्या विझल्या की नाहीत ते पाहत असे. हे पत्र नंतर वाचले, तेव्हा त्या उंदराच्या ओळीवर बराच वेळ थांबलो होतो. राज्याचा धनी ज्या गोष्टीसाठी पत्र लिहितो, ती गोष्ट जुमलेदाराला क्षुल्लक म्हणता येत नाही.

गडहिंग्लजकर

नेसरीची खिंड आमच्या घरापासून फार दूर नाही आणि लहानपणापासून शिवरात्रीला तिथे जाणे होते. तरीही प्रतापरावांच्या बाबतीत भावनेबरोबर विचारही करावा, असे मला वाटते, कारण सेनापतीच्या भूमिकेविषयी याहून बोलका प्रसंग दुसरा नसेल.

साल्हेरच्या १६७२ च्या रणात प्रतापराव घोडदळासह एका बाजूने आणि मोरोपंत पेशवे पायदळासह दुसऱ्या बाजूने आले आणि मोगलांचा उघड्या मैदानात पराभव झाला. पुढच्या वर्षी, एप्रिल १६७३ मध्ये, उमराणीजवळ विजापूरचा सरदार बहलोलखान याच्या फौजेचे पाणी प्रतापरावांनी तोडले. खान कासावीस होऊन शरण आला आणि प्रतापरावांनी त्याला वाट दिली. महाराजांनी 'सला काय निमित्त केला?' असे विचारल्याचे सभासद सांगतो. खान पुन्हा चालून आला, तेव्हा त्याला बुडवून फत्ते करा, नाही तर तोंड दाखवू नका, असा निरोप गेला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी खानावर तुटून पडले आणि ठार झाले.

सहा साथीदारांची जी नावे आज फलकांवर दिसतात, ती पुढच्या काळातील परंपरेने दिलेली आहेत. पण सहा हा आकडा निव्वळ कविकल्पना नाही. इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी याने त्याच सुमारास लिहिलेल्या पत्रात, दोन टेकड्यांमधील अरुंद वाटेत प्रतापराव आणखी सहा स्वारांसह मारले गेले आणि बाकीची फौज त्यांच्या मागे आली नव्हती, असे कळवले आहे. 'बाकीची फौज मागे आली नव्हती' हे शब्द मला दर वेळी अस्वस्थ करतात. हजारो स्वारांचा सरनोबत सहा जणांनिशी पुढे जातो, तेव्हा त्याच्यातला वीर जिंकलेला असतो, पण फौज त्या क्षणी पोरकी झालेली असते. फौजेतील दुसरे सरदार आनंदराव यांनी ती सावरली, म्हणून पुढचा अनर्थ टळला. माझ्या मनातील प्रतापरावांविषयीचा आदर यामुळे तसूभरही कमी होत नाही, आणि महाराजांनाही त्यांच्या जाण्याचे दुःख झाले. पुढे राजाराम महाराजांचा विवाह प्रतापरावांच्या कन्येशी झाला.

मावळवाट

नेसरीचा विषय निघाला म्हणून नेतोजींचाही मांडतो. जानेवारी १६६६ मध्ये महाराजांनी पन्हाळ्यावर रात्री हल्ला केला, तेव्हा नेतोजींची कुमक वेळेवर पोहोचली नाही आणि माणसे गमावून माघार घ्यावी लागली. 'समयास कैसा पावला नाहीस?' या प्रश्नानिशी त्यांची सरनोबती गेली. ते आधी विजापूरकरांकडे आणि मग मिर्झाराजांच्या मध्यस्थीने मोगलांकडे गेले, औरंगजेबाने त्यांना मुसलमान करून दूर अफगाण मोहिमेवर पाठवले, आणि १६७६ मध्ये ते परतल्यावर महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतले. सरनोबती मात्र तेव्हा हंबीररावांकडे होती आणि ती त्यांच्याकडेच राहिली.

दोन्ही प्रसंगांत महाराजांनी सेनापतीला वेळ आणि निर्णय यांविषयी विचारले. शौर्याविषयी कधीच विचारले नाही. नेतोजींच्या तलवारीवर कुणाला शंका नव्हती. सरनोबताचे मुख्य काम तलवार चालवण्याचे नसून ठरल्या वेळी ठरल्या जागी फौज उभी करण्याचे होते, असे मला यातून दिसते.

सांजवात

धाग्यात आतापर्यंत जाब आणि शिक्षाच पुढे आली आहे, म्हणून एक हरकत नोंदवते. मैदानात उभ्या असलेल्या सेनापतीला शरण आलेल्या शत्रूशी तह करण्याचाही अधिकार नसेल, तर त्याला सेनापती का म्हणावे? उमराणीला प्रतापराव प्रत्यक्ष होते, महाराज नव्हते. राजाच्या रागाने त्यांना मृत्यूच्या तोंडी लोटले, असे कुणी म्हटले तर तुम्ही काय उत्तर द्याल?

मोडीवाचक

हरकत रास्त आहे. याचे उत्तर राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची कामे ठरवणाऱ्या कानुजाबत्यात आहे. सेनापतीने सैन्याचे रक्षण करून युद्धप्रसंगी स्वारी करावी, जो मुलूख ताब्यात येईल तो राखून त्याचा हिशेब रुजू करावा, आज्ञेप्रमाणे वर्तावे, फौजेतील लोकांचे म्हणणे दरबारी मांडावे आणि सर्व सरदारांनी त्याच्याबरोबर चालावे, असा त्याचा आशय आहे. लढाई कशी करावी, हे त्यात कुठेही सांगितलेले नाही. ते सेनापतीवर सोडले आहे. तह मात्र राज्याचा असतो. बहलोलखानाला सोडणे हा रणातला निर्णय नव्हता, राज्याच्या वतीने दिलेला शब्द होता, आणि तिथे आज्ञेची मर्यादा ओलांडली गेली. तरीही तुमच्या प्रश्नातील दुसरा भाग मी नाकारणार नाही. 'तोंड दाखवू नका' हे शब्द मानी माणसाला किती खोल जातात, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आले नसावे, असे मलाही वाटते.

फौजेतील लोकांचे म्हणणे मांडणे हे कलम फारसे कुणी लक्षात घेत नाही. सेनापती हा वरून खाली हुकूम नेणारा होता, तसा खालून वर फौजेचे गाऱ्हाणे नेणाराही होता. ते त्याचे नेमून दिलेले काम होते. १६८० मध्ये महाराजांच्या निधनानंतर अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत संभाजीराजांना कैद करण्यासाठी पन्हाळ्याकडे निघाले, तेव्हा हंबीररावांनी त्या दोघांनाच धरून संभाजीराजांपुढे उभे केले. हंबीरराव सोयराबाईंचे सख्खे भाऊ, म्हणजे राजाराम हा त्यांचा भाचा. घरचे नाते एका बाजूला असताना त्यांनी थोरल्या राजपुत्राचा पक्ष घेतला, आणि त्यांनी बोट दाखवले तिकडे फौज गेली. १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत ते पडले. कऱ्हाडजवळ तळबीड या त्यांच्या गावी त्यांची समाधी आहे.

बडोदेकर

आमच्याकडे गुजरातेत मराठी घरांतून 'सेनाखासखेल समशेर बहादर' हे शब्द लहानपणापासून कानांवर पडतात, कारण ती गायकवाडांची बिरुदे. या शब्दांचा प्रवास तुमच्या फलकाच्या प्रश्नाशी जोडलेला आहे, म्हणून लिहितो.

राजाराम महाराजांच्या काळापर्यंत सेनापतिपद काढून घेता येत होते. संताजी घोरपड्यांसारख्या, मोगल सरदार कासीमखानाला दोड्डेरीत कोंडणाऱ्या सेनानीचेही पद १६९६ मध्ये काढून धनाजी जाधवांना दिले गेले, आणि पुढच्या वर्षी संताजींचा घात झाला. धनाजी १७०७ मध्ये खेडच्या लढाईच्या वेळी शाहू महाराजांना मिळाले आणि त्यामुळे गादीचा निकाल लागला. धनाजींनंतर पद त्यांचे पुत्र चंद्रसेन यांच्याकडे गेले, आणि ते पक्ष सोडून गेले, तेव्हा शाहू महाराजांना नवी फौज उभी करावी लागली. बाळाजी विश्वनाथांना मिळालेला 'सेनाकर्ते' हा किताब त्याच खटाटोपाची खूण आहे. १७१७ मध्ये सेनापतिपद तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांकडे आले, त्यांच्यानंतर पुत्र त्रिंबकरावांकडे, आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभोईच्या रणात छत्रपतींचे सेनापती त्रिंबकराव दाभाडे छत्रपतींच्याच पेशव्याशी, बाजीरावांशी, लढताना मारले गेले. त्यानंतर सेनापतिपद त्रिंबकरावांचे लहानगे भाऊ यशवंतराव यांना दिले गेले आणि कारभार त्यांच्या आई उमाबाईंनी पाहिला. पद घराण्यात राहिले. फौज, मुलूख आणि मोहिमा मात्र हळूहळू दाभाड्यांच्या हाताखालच्या गायकवाडांकडे गेल्या.

हिशेबनीस यांनी सांगितलेला शेजारचा कारकून आणि रोख तैनात, या दोन गोष्टी सुटल्या आणि त्यांच्या जागी सरंजाम आला, तिथे सारे फिरले असे मी मानतो. मुलूखच सरदाराच्या नावे लागला की फौज त्याची होते, आणि पुढे मुलगा अल्पवयीन असला तरी सेनापतीच राहतो. मग नागपूरकर भोसल्यांचे 'सेनासाहेबसुभा', गायकवाडांचे 'सेनाखासखेल' अशी बिरुदे शेजारी शेजारी नांदू लागतात आणि सर्व सरदारांनी ज्याच्याबरोबर चालावे असा एक माणूस उरत नाही.

हिशेबनीस

बडोदेकर यांच्याशी सहमत आहे, फक्त एक भर. सरंजामाकडे राजाराम महाराज हौसेने वळले नाहीत. राजा जिंजीत, खजिना रिकामा, गड एकेक करून मोगलांकडे जात असलेले, अशा वेळी रोख तैनात देणार कुठून? ज्याने मुलूख सोडवावा त्याने तो खावा, हा करार त्या वेळी राज्य वाचवण्यासाठी केला गेला आणि राज्य वाचलेही. शांततेच्या काळात तो मोडता आला नाही, हा पुढच्यांचा दोष आहे.

निवृत्त सुभेदार

मावळवाट, त्या घराण्याला भेटायला जाल तेव्हा हे जरूर सांगा. रात्री पावसात, वारा झोंबत असताना तटावरून फिरून एकेका चौकीवर माणूस जागा आहे की नाही, हे पाहणारा अंमलदार त्यांचा पूर्वज होता. तो झोपला असता तर गड गेला असता. सेनापती दूर मोहिमेवर असे, तेव्हा मागची राजधानी, दारूगोळा, बायकामुले या माणसाच्या भरवशावर असत. मी उभ्या आयुष्यात गस्त घातली आहे. त्या मानात कमीपणा कसला?

मावळवाट

सर्वांचे मनापासून आभार. काल त्या घरी जाऊन आलो. सुभेदारसाहेबांचा प्रतिसाद आजोबांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी तो दुसऱ्यांदा वाचायला लावला आणि मग देव्हाऱ्याखालच्या पेटीतून तो मोडी कागद स्वतःहून काढून दिला. मंडळींनी मिळून नवा मसुदा केला आहे, तो खाली देतो. चूक दिसल्यास सांगावी.

'या गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे समान दर्जाचे तीन अंमलदार असत. गडाची शिबंदी आणि रात्रंदिवसाचे चौकी-पहारे सरनोबताच्या ताब्यात होते. पायथ्याच्या गावातील एका घराण्याच्या पूर्वजाने हे काम केल्याची नोंद त्यांच्याकडील कागदात आहे. स्वराज्याच्या संपूर्ण फौजेचा सरनोबत, म्हणजे सेनापती, हे पद वेगळे होते.'

मोडीवाचक

मसुदा उत्तम आहे. 'रात्रंदिवसाचे' ऐवजी 'रात्रंदिवस' करावे. कागदाचे छायाचित्र उजेडात, सपाट ठेवून काढा आणि घडीच्या जागी जोर देऊ नका. तारीख लागते का ते मी पाहतो.